डब्यांची भिशी

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा माझ्याकडे बालदम्यावर लेख मागितला होता. आजवर याच पानांवर मी कावीळ, जंत, लसीकरण आणि परीक्षेच्या दिवसांतील पोटदुखी यांविषयी लिहीत आले आहे. तेव्हा मागणीत वावगे काही नव्हते. परंतु गेल्या स्नेहसंमेलनात जेवणाच्या रांगेत उभी असताना निदान सहा जणींनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमची ती डब्यांची भिशी म्हणजे नक्की काय असते हो?" त्यांतील दोघी स्वतः डॉक्टर, एकीची सून डॉक्टर. दम्याविषयी मात्र कोणीच विचारले नाही. म्हणून संपादकांची क्षमा मागून हा विषय घेते.

पैशांची भिशी आपणा सर्वांना ठाऊक आहे. आमची भिशी अन्नाची. पाच घरे, सर्व परस्परांच्या जुन्या परिचयातील. महिन्याच्या दुसऱ्या रविवारपूर्वी प्रत्येक घराने एकच पदार्थ पाचपट प्रमाणात करावयाचा, त्याच्या चार-चार माणसांच्या पाच पुड्या बांधून गोठवावयाच्या, आणि रविवारी सकाळी एका घरी जमून अदलाबदल करावयाची. जाताना एकाच पदार्थाच्या पाच पुड्या, येताना पाच पदार्थांची एकेक पुडी. महिन्यातील पाच संध्याकाळी ओपीडी संपवून रात्री साडेनऊला घरी आल्यावर "आता काय करू?" हा प्रश्न उरत नाही. लाभ एवढाच, त्याहून मोठा दावा मी करीत नाही.

ही कल्पना आमची नव्हे. अमेरिका-कॅनडात मैत्रिणींचे असे गट असतात. आमच्यापैकी एकीची मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडून आम्ही प्रथम ऐकले. तिकडे गॅरेजमध्ये पेटीसारखा भलामोठा फ्रीझर असतो. गोठवलेल्या अन्नाची सवयही तिकडे जुनी. क्लॅरेन्स बर्ड्सआय या गृहस्थांनी लॅब्राडोरच्या थंडीत मासे क्षणात गोठताना पाहिले आणि पुढे यंत्राने तेच साधले. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील दुकानांत त्यांचे गोठवलेले अन्न विक्रीस आले. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातही लागू आहे : अन्न सावकाश गोठले, तर बर्फाचे मोठे स्फटिक होऊन पेशींच्या भिंती फाटतात आणि वितळल्यावर भाजीचे पाणी-पाणी होते. झटपट गोठले, तर स्फटिक लहान राहतात.

आमची भिशी सुरू झाली ती मात्र हौसेने नव्हे. २०१८ च्या मार्चमध्ये आमच्या एका भूलतज्ज्ञ मैत्रिणीच्या यजमानांची बायपास शस्त्रक्रिया झाली. आपल्या समाजाची रीत चांगली. कोणी आजारी पडले की डबे निघतात. तसे ते निघाले. पहिल्या दिवशी तिच्या ओट्यावर चार पातेली खिचडी आणि तीन प्रकारची कढी. तिसऱ्या दिवशी एक डबा. आठव्या दिवशी मी सहज डोकावले, तेव्हा ही बाई रात्री दहा वाजता चहात खाखरा बुडवून उभ्याउभ्या खात होती. कोणाचीच माया आटली नव्हती. पण सगळ्यांची माया एकाच दिवशी उतू गेली होती, आणि ती साठवून ठेवण्याची सोय नव्हती.

त्यावर आम्ही चौघी-पाच जणी बोलू लागलो, तेव्हा पहिला विरोध माझ्याच घरातून झाला. "अगं, डॉक्टर असून तू लोकांना शिळे खायला घालणार?" हा सासूबाईंचा प्रश्न. त्यांना मी हसून टाळले नाही, कारण प्रश्न योग्य होता. गीतेच्या सतराव्या अध्यायातही शिळ्या अन्नाची गणना तामस आहारात केलेली आहे. आणि जेव्हा बर्फ दुर्मीळ होता, त्या काळी या दृष्टीने मुले वाचलीच असतील. मात्र आपण बडोदेकर शेजाऱ्यांकडे पाहतो तेव्हा चित्र निराळे दिसते. श्रावणात रांधण छठीला चूल रात्रीपर्यंत पेटलेली असते आणि दुसऱ्या दिवशी शीतळा सातमला घरभर थंडच जेवण. गुजराती गृहिणींनी त्यासाठी पदार्थही विचारपूर्वक निवडलेले आहेत : थेपले, वडे, सुके, तळलेले, पाण्याचा अंश कमी असलेले. ज्या घरांत या यादीत हौसेने दहीभात आणि बटाट्याची रसभाजी शिरते, त्या घरांतील मुले सातमच्या रात्री उलट्या करीत माझ्याकडे येतात. (हा माझ्या ओपीडीचा अनुभव आहे, आकडेवारी नव्हे.) आणि हिवाळ्यात तुरीचे लिलवे व वाटाणे सोलून वर्षभरासाठी गोठवणारी गृहिणी तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. सासूबाईंना मी एवढेच सांगितले, की शिळे म्हणजे किती तास जुने याला महत्त्व कमी. ते अन्न किती अंशांवर किती वेळ होते, हे खरे. त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही. आजही त्या ताजी पोळी आणि ताजी कोशिंबीर असल्याखेरीज गोठवलेल्या उसळीला हात लावीत नाहीत, आणि आहारशास्त्राच्या दृष्टीने त्यांचेच बरोबर आहे.

आता शास्त्राकडे येते. आपल्यातील डॉक्टरांना हे नवे नाही, परंतु आपलीच स्वयंपाकघरे पाहता उजळणीची गरज आहे असे वाटते. उणे १८ अंश सेल्सिअसला जिवाणूंची वाढ थांबते. जिवाणू मरत नाहीत. ते झोपतात आणि अन्न वितळले की जागे होतात. म्हणजे फ्रीझरमध्ये अन्न जसे जाते, फार तर तसेच बाहेर येते; त्याहून चांगले कधीच नाही. खरा धोका गोठण्यापूर्वीच्या काही तासांत असतो. ५ ते ६० अंश हा जिवाणूंचा आवडता प्रदेश. शिजलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक बडोद्याच्या मे महिन्यात तर मी आणखी कडक पाळते.

भाताचे उदाहरण घ्या. बॅसिलस सीरियस या जिवाणूची बीजे तांदळात मुळातच असतात आणि भात शिजताना ती मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ती रुजतात, आणि त्यांनी सोडलेले उलटीकारक विष पुन्हा कितीही गरम केले तरी नष्ट होत नाही. स्वयंपाक करणाऱ्याच्या बोटावरील गळवातून येणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे विषही तसेच चिवट. "चांगले उकळून घेतले होते हो डॉक्टर" हे वाक्य मी हजारदा ऐकले असेल. ते खरे असते, आणि तरीही मूल उलट्या करीत असते. म्हणून आमच्या भिशीत साधा भात नसतो. भात कुकरला वीस मिनिटांत होतो. तो गोठवण्याचे प्रयोजनच काय?

घरे पाचच का, असे अनेक जण विचारतात. दहा घरे असती तर पदार्थ दहा मिळाले असते. याचे उत्तर पातेल्यात आहे. वीस माणसांची उसळ घरच्या दोन पातेल्यांत होते. चाळीस माणसांची करावयाची तर आचाऱ्याचे तपेले लागते, आणि अशा तपेल्याच्या मध्यभागी उष्णता तासन्‌तास कोंडून राहते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू ४३ ते ४७ अंशांच्या सुमारास अक्षरशः दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. लग्नकार्यातील सामुदायिक जुलाबांमागे पुष्कळदा हेच तपेले असते. आम्ही पदार्थ उतरवला की लगेच दोन रुंद परातींत बोटभर जाडीचा थर पसरतो, परात बर्फाच्या पाण्यात ठेवतो आणि पंखा लावतो. तासाभरात तो थंड होतो. मग पुड्या : जाड, झिपच्या, अन्नासाठीच्या पिशव्या, हवा काढून चपट्या केलेल्या, एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या आकाराच्या. चपटी पुडी लवकर गोठते आणि लवकर वितळते. डबे वापरावयाचे तर वर बोटभर जागा सोडावी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि झाकण उडवते. एका वेळी पाचही पुड्या एकमेकींवर रचू नयेत; एक थर गोठला की दुसरा.

फ्रीझरविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फ्रिजच्या दारावर चिकटवलेले तारे वीजबचतीचे असतात. गोठवण्याचे तारे निराळे. ते फ्रीझरच्या झाकणावर किंवा माहितीपत्रकात हिमकणासारखे छापलेले असतात. एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८ अंश. जुन्या एकदारी फ्रिजमधील बर्फाचा कप्पा पुष्कळदा उणे १८ गाठत नाही; तेथे पुडी महिनाभर ठेवणे योग्य नव्हे, आठवडाभरात संपवावी. आम्ही पाचही घरी फ्रीझरमध्ये साधा तापमापक ठेवला. एका घरी तो उणे ९ दाखवीत होता. त्या घरचे डॉक्टर स्वतः सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक होते, हे केवळ नोंदीसाठी. आणखी एक : दवाखान्यातील लसींचा फ्रिज या कामी कधीही वापरू नये. तो २ ते ८ अंशांचा असतो, त्याचे दार वारंवार उघडले तर लसी बिघडतात, आणि हिपॅटायटिस-बी किंवा पेंटाव्हॅलंटसारख्या लसी तर गोठल्या की वायाच जातात. शीतसाखळीचा धडा मात्र जरूर उचलावा : आम्ही पुड्यांची ने-आण थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांसह करतो.

काय गोठते आणि काय नाही, हे आम्ही चुकत शिकलो. उसळी उत्तम : मटकी, मूग, चवळी, छोले. आपल्या बडोद्याच्या सेव-उसळीचा रस्सा तर गोठवण्यासाठीच जन्मला असावा. सेव आणि कांदा अर्थात वेळेवर. पुरण उत्तम, पुरणपोळी मध्यम. वाटणाची ग्रेव्ही, राजमा, पावभाजी, सांबार, कोंबडीचा रस्सा यांना काही होत नाही. बटाट्याच्या फोडी मात्र वितळल्यावर स्पंजासारख्या लागतात. पावभाजीत तो कुस्करलेला असल्याने चालतो. कढी फाटते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. काकडी, कोशिंबीर, वरून पेरलेली कोथिंबीर यांचे नावच काढू नये. एका उत्साही सभासदाने पहिल्या वर्षी साबुदाण्याची खिचडी गोठवून आणली होती. तिच्याविषयी आम्ही अद्याप एकमेकींशी नीट बोललेलो नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावा की नाही याचा मी बराच विचार केला, तो सांगते.

डिसेंबर २०१९ मध्ये एका मैत्रिणीची मुलगी टोरांटोहून चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. आजीने घरातील दाण्याचा कूट, चिक्की आणि घाणीचे सिंगतेल शेजारी पाठवून दिले होते. भांडी नवी आणली होती. त्या महिन्यातील माझी पुडी होती मटकीच्या उसळीची. चिठ्ठीवर मी लिहिले होते : मटकीची उसळ, चार माणसे, तारीख. लिहिले नव्हते ते असे, की रस्सा पातळ वाटल्याने उतरवताना मी मूठभर दाण्याचा कूट घातला होता. घातल्याचे मला आठवतही नव्हते. आपल्या मराठी स्वयंपाकघरात कूट हा घटक नसतोच मुळी. तो हाताची सवय असतो.

मुलाने दोन घास खाल्ले. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आणि तो खोकू लागला. त्याच्या आईजवळ ॲड्रेनालिनचे पेन होते. तिने क्षणाचाही विलंब न लावता ते मांडीत टोचले आणि मगच मला फोन केला. मी पोहोचले तेव्हा श्वास मोकळा होत आला होता. ॲड्रेनालिनने बरे वाटले म्हणून घरी थांबू नये, काही तासांनी लक्षणे उलटू शकतात. म्हणून त्याला रुग्णालयात रात्रभर देखरेखीखाली ठेवले. सकाळी तो पूर्ववत झाला. खाटेशेजारी बसून मी त्याच्या आईला काय घडले ते सांगितले. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही रोज हेच लोकांना शिकवता ना?" आवाज चढवला नाही. या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही.

आपल्याकडे शेंगदाण्याची ॲलर्जी पाश्चात्त्य देशांइतकी आढळत नाही, हे खरे. त्याचे एक कारण आपण तान्ह्या वयापासून दाणे खातो हे असावे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात ६४० जोखमीच्या बालकांपैकी ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. (अर्थात तीव्र इसब असलेल्या बाळाला हा प्रयोग घरच्या घरी करू नये, आणि अखंड दाणा तर कोणत्याच लहान मुलाला देऊ नये; तो श्वासनलिकेत अडकतो.) परंतु आपली नातवंडे आता टोरांटो, सिडनी, लंडनहून येतात, आणि गोठवल्याने वा उकळल्याने हा प्रथिनांचा दोष जात नाही. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत. गुजरातेत आवडीने वापरले जाणारे घाणीचे वा फिल्टर्ड सिंगतेल मात्र सुरक्षित मानू नये. बाजारातील पाकिटावर दाणे, काजू-बदाम, दूध, अंडे, मासे, सोया, गहू यांची सूचना छापणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. घरच्या पुडीला कोणताही नियम लागू नाही. तेथे लिहिणाऱ्याची शुद्ध हाच नियम.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. चिठ्ठी पुडी बांधताना नव्हे, तर शेगडीशेजारी उभे राहून, एकेक जिन्नस भांड्यात पडताना लिहावयाची. दाणे आहेत की नाहीत, हे लाल शाईने, दोन्ही परिस्थितींत. कोरी जागा म्हणजे "नाहीत" असे मानावयाचे नाही; कोरी जागा असलेली पुडी स्वीकारावयाची नाही. मैत्री कितीही जुनी असो. मी स्वतःच्याच दोन पुड्या अशा परत घरी नेल्या आहेत.

बाळांविषयी थोडक्यात. सहा महिन्यांनंतरच्या वरच्या आहारासाठी मऊ मुगाची खिचडी किंवा भोपळ्याचा लगदा बर्फाच्या साच्यात गोठवता येतो. वर्षाच्या आत मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नको. हवे तेवढेच चौकोन काढून वाफ येईपर्यंत गरम करून, मग कोमट करून द्यावे. मायक्रोवेव्हमध्ये एक बाजू पोळते आणि दुसरी थंड राहते, म्हणून ढवळणे आवश्यक. चमच्याने भरवताना वाटीत लाळ जाते. उरलेले पुन्हा ठेवू नये. मोठ्यांसाठीही नियम तोच : पुडी रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवावी, ओट्यावर नव्हे, ७० अंशांपेक्षा अधिक, म्हणजे मधोमध बुडबुडे येईपर्यंत एकदाच तापवावी, वितळलेली पुन्हा गोठवू नये.

शेवटी पुराविषयी. ३१ जुलै २०१९ च्या अतिवृष्टीनंतर आम्ही प्रत्येकीने फ्रीझरमध्ये वाटीभर बर्फ आणि त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावयास सुरुवात केली. वीज गेलेल्या काळात बर्फ वितळला की नाणे खाली जाते. वीज येऊन पुन्हा बर्फ झाला तरी ते तळाशीच दिसते आणि फ्रीझर खोटे बोलू शकत नाही. २६ ऑगस्ट २०२४ ला, जन्माष्टमीच्या दिवशी, पाऊस सुरू झाला तो आपण सर्वांनी पाहिला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट. त्या आठवड्यात पाणी ३५ फुटांवर गेले. भरलेला फ्रीझर दार न उघडता सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. आमच्यापैकी तीन घरी वीज त्याहून अधिक काळ नव्हती. तिन्ही नाणी तळाशी.

अकरा पुड्या होत्या, म्हणजे चव्वेचाळीस माणसांचे जेवण, आणि जिन्याखाली तळमजल्यावरची दोन कुटुंबे ओल्या गाद्यांवर बसलेली. माझ्या एका सभासद मैत्रिणीचे म्हणणे पडले, की वास चांगला आहे, खळखळून उकळू आणि वाटू; अशा वेळी अन्न फेकणे पाप आहे. तिचे मन मला समजत होते. पुडीत बर्फाचे कण शिल्लक असते, तर मीही मान्य केले असते. पण अन्न किती वेळ कोमट होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. विष उकळून जात नाही, आणि ज्या इमारतीत पिण्याचे पाणीच नाही, तेथे एखाद्या मुलाला जुलाब सुरू झाले तर सलाईन लावावयास कोठे न्यावयाचे? रस्ते बंद होते. आम्ही अकराही पुड्या फेकल्या. मग तिच्याच घरच्या गॅसवर, तिच्याच घरच्या तांदूळ-डाळीची खिचडी शिजवली आणि गरम असतानाच खाली नेली. ती आठवडाभर माझ्याशी मोजकेच बोलली. पुढच्या दुसऱ्या रविवारी मात्र छोले घेऊन सर्वांच्या आधी हजर होती.

ज्यांना असा गट करावयाचा असेल, त्यांच्यासाठी आमच्या चिठ्ठीचा नमुना देते. हे पान कापून ओट्यावरच्या भिंतीला लावले तरी स्मरणिका समितीची हरकत नसावी.

पदार्थ. किती माणसांचा. शिजवल्याची तारीख आणि वेळ. फ्रीझरमध्ये ठेवल्याची वेळ. तेल कोणते. दाणे : आहेत / नाहीत. काजू, तीळ, खोबरे : आहेत / नाहीत. दूध, अंडे, मासे, गहू : आहेत / नाहीत. तिखट : कमी / मध्यम / सासूबाईंना चालणार नाही. कधीपर्यंत संपवावा. कोणी केला.